सुतकातली पुडी

त्या रविवारी हर्षदा पूल ओलांडून वडगाव रासाईला आली तेव्हा आई अंगणात पोत्यावर बसून लसूण सोलत होती आणि आबांशी भांडत होती. भांडण बोकडावरून होतं.

"इकायचा तर इकून टाका एकदाचा," आई म्हणत होती. "रोज सकाळी दाराशी उभा राहतो आन् माझ्याकडं असा बघतो, जशी मी त्याची सासूच हाय."

"सासूच हायेस," आबा म्हणाले. "चारा घालायचा न्हाई, नुस्ती नजर ठिवायची."

"ऐकलंस का गं हर्षे? लगीन झाल्यापासनं ह्यांच्या मेंढरामागं कोकणापतोर चालले. पायाची लाकडं झाली. आन् आता मी सासू!"

मेंढरं जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता घरामागं दोन एकर ऊस होता, तो पाटसच्या कारखान्याला जायचा. गोठ्यात चार शेळ्या आणि हा एक बोकड उरला होता. पण आबांची चाल अजून कळपामागची होती. हातात काठी, मान पुढं, पाय सरळ. वैरणीचा भारा खांद्यावर घेऊन ते गोठ्याकडं गेले, तशी आई हळूच म्हणाली, "बघ त्यांच्याकडं. भावकीत मयत झालीय, आम्ही सगळी गळाटलोय, आन् ह्यांला सुतक लागलंच न्हाई जणू."

आबा ऐकून न ऐकल्यासारखं करून वैरण तोडत बसले.

आईचे चुलत दीर वारले होते. सगळ्या भावकीला सुतक होतं. देव्हाऱ्यात दिवा नव्हता, आणि त्याच कारणानं आईची पुडीही बंद होती.

ही पुडी हर्षदाच्या सासरची. तिचे सासरे पोपटराव यवतच्या अलीकडच्या वस्तीवर दर रविवारी लोकांना गुडघेदुखी आणि दम्यावर ती द्यायचे. खंडोबाचं नाव घेऊन, प्रत्येक पुडीत चिमूटभर भंडारा घालून. नारळाशिवाय काही घेत नसत. सकाळी उपाशीपोटी गुळाच्या खड्यातून घ्यायची, आणि भंडारा असल्यामुळं सुतकात तिला शिवायचंही नाही, असा नियम. पहाटेपासून वस्तीवर माणसं येऊन बसत. व्याह्यांना मात्र रांग नव्हती. महिन्याची पुडकी हर्षदा स्वतः पिशवीत घालून आणायची. आई गुडघ्यांसाठी घ्यायची, आबा दम्यासाठी. दोन वर्षं झाली होती.

"फळीवर डब्यात ठेव," आई म्हणाली. "दहावा झाला की सुरू करते."

"तोवर त्रास होतोय का?"

"व्हायचाच. अंगातला जीवच गेल्यासारखा वाटतो. घोटभर च्या घेतला तरी वर येतो." आईनं लसणाची एक पाकळी हर्षदाच्या हातावर मारली. "तू तोंड पाडू नगंस. पुडी चालू झाली की तुझ्यापुढं पळते का न्हाई बघ."

आईचा चेहरा दोन वर्षांत गोल झाला होता. बायका म्हणत, कुशाबाई म्हातारपणी अंगानं भरली, लेकीचं सासर लाभलं. हातावरची कातडी मात्र कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली होती आणि जरा कुठं लागलं की जांभळे डाग उठत. यवतच्या कॉलेजात ग्रंथपाल असलेल्या हर्षदानं या दोन्ही खुणा वाचलेल्या होत्या. कशाच्या असतात तेही वाचलेलं होतं.

लसूण सोलून झाल्यावर आई उठली आणि तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. तिनं पडवीचा खांब धरला आणि हसली.

"दवाखान्यात जाऊ या, आई."

"तीन दिसांत दहावा हाय. तो सोडून मी दवाखान्यात जाऊन बसू? लोक शेण घालतील तोंडात. जा तू, तुला उशीर व्हतोय. हा लसूण घेऊन जा, तुझ्या सासूबाईला सांग, घरचा हाय."

हर्षदा लसूण घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाचा, मल्हारचा, फोन आला की आई न्हाणीत पडली आणि उठत नाही. पोपटरावांनी पायात चपला न घालता बोलेरो काढली. पूल ओलांडून आईला घेतलं आणि पुन्हा पूल ओलांडून हमरस्त्याजवळच्या दवाखान्यात आणलं. बारा खाटा, एक डॉक्टर, दोन नर्स. डॉक्टर प्रांजल वयानं हर्षदापेक्षाही लहान होत्या. ईसीजीचं मशीन दुरुस्तीला गेलेलं. रक्त तपासायला एक माणूस मोटारसायकलवरून दौंडला जायचा आणि रिपोर्ट संध्याकाळी यायचे. आईचं ब्लडप्रेशर मोजून डॉक्टरांनी दोन्ही हातांना सलाइन लावलं.

"उलट्या कधीपासून? काही गोळ्या चालू होत्या? बीपी, शुगर, गुडघ्यांसाठी काही?"

"गोळी कसली न्हाई, मॅडम," मल्हार म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. पुडीला तो गोळी समजत नव्हता. औषधही समजत नव्हता. तो प्रसाद होता.

डॉक्टरांनी हर्षदाकडं पाहिलं. सुशिक्षित दिसणाऱ्या माणसाकडं शेवटचं पाहावं, तसं. "अजून काही? आयुर्वेदिक, गावठी, काहीही?"

पोपटराव दारात उभे होते. अनवाणी पायांना रस्त्यावरचा चिखल लागलेला होता. आईच्या पायांवरून चादर सरकली होती ती त्यांनीच नीट केली होती. हर्षदाच्या तोंडात शब्द आला, जिभेवर बसला, आणि तिनं मान हलवली. नाही.

सलाइनच्या तीन बाटल्या गेल्या तरी ब्लडप्रेशर वर आलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालंय, पण एवढं काही नाही. कदाचित जंतुसंसर्ग असेल, कदाचित हृदय. मला इथं कळायला मार्ग नाही, पुण्याला न्या. अतिदक्षता विभागात खाट मिळेपर्यंत फोनवर फोन झाले. लोणीच्या अलीकडं, ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांच्या मागं रुग्णवाहिका अडकली असताना आई गेली.

एक सुतक संपायच्या आत घराला दुसरं सुतक लागलं.

लेकीला तीन दिवसांचं सुतक असतं, पण हर्षदा माहेरीच राहिली. नवरा विश्वजीत रांजणगावला कंपनीत शिफ्टवर होता. तो म्हणाला, रहा, आबांना बघ. येणाऱ्या बायका गळ्यात पडून रडत होत्या आणि ती त्यांना पाणी देत होती. चौथ्या दिवशी दुपारी, घर जरा रिकामं झाल्यावर, ती मोबाईलला रेंज मिळते त्या गच्चीवर गेली आणि जे वाचायचं टाळत होती ते तिनं वाचलं.

पुडीत काय असावं याचा संशय तिला वर्षभर होता. सासूबाई माजघरात मिक्सरवर मुळ्या आणि सुंठ दळायच्या, तेव्हा वरून मूठभर पांढऱ्या बारीक गोळ्या पडायच्या. बरणीवर चिठ्ठी नसायची. महिन्यातून एकदा शहरातून एक माणूस मोटारसायकलवर ती बरणी आणून द्यायचा. हर्षदानं एकदाच विचारलं होतं, "आप्पा, या कसल्या?" पोपटराव म्हणाले होते, "कॅल्शियम हाय पोरी. हाडाला लागतंय." आणि तिनं ते उत्तर घेऊन ठेवलं होतं, पाहुण्यानं दिलेलं न आवडणारं लुगडं घेऊन ठेवावं तसं.

कारण हाच माणूस तिच्या बाजूनं उभा राहिला होता. लग्नानंतर तिला पुढं शिकायचं होतं. सुनेनं पुस्तकात डोकं घालावं का, असं भावकीनं विचारलं तेव्हा पोपटराव म्हणाले होते, "पुस्तकातच घालतीय ना? तुमच्या चुलीत तर न्हाई?" कॉलेजातल्या नोकरीला पहिल्या दिवशी त्यांनीच तिला सोडलं होतं. त्यांना ती काय विचारणार होती? आणि आई तर चालत होती. गोल चेहऱ्यानं का होईना, बाजारापर्यंत चालत जात होती.

स्टेरॉईड घेतल्यानं काय होतं, चेहरा गोल, कातडी पातळ, ते तिनं पूर्वी वाचलं होतं. अचानक थांबवल्यानं काय होतं, तिथपर्यंत ती कधी गेलीच नव्हती. आता गच्चीवर उन्हात उभं राहून तिनं ते वाचलं. बाहेरून रोज मिळत राहिलं की शरीर स्वतःचं तयार करायचं सोडून देतं. मग एक दिवस बाहेरचं बंद झालं तर अंगात काहीच उरत नाही. थकवा, मळमळ, अंधारी, ब्लडप्रेशर कोसळतं, नुसत्या सलाइननं वर येत नाही. उपाय एक इंजेक्शन. साधं, स्वस्त, दम्याच्या पेशंटसाठी लहानातल्या लहान दवाखान्यातही असणारं. नाव वाचल्यावर तिला आठवलं, त्या दिवशी नर्सच्या ट्रेमध्ये त्या नावाच्या बाटल्या होत्या. आईपासून हातभर अंतरावर.

 मग तिच्या मनात आलं, आबा?

आबाही तीच पुडी घेत होते. पहिल्या सुतकात दोघांचीही बंद झाली असणार. मग आबा कसे टिकले?

ती खाली आली. आबा गोठ्याच्या दारात बसले होते. बोकड त्यांच्या खांद्याला तोंड घासत होता आणि त्यांना त्याला ढकलायचंही भान नव्हतं.

"आबा, पुडी घेताय ना?"

"सुतकात कुठली पुडी?"

"मागच्या सुतकातपण बंद होती?"

आबांनी इकडंतिकडं पाहिलं. मग बसल्या जागीच थोडं सरकून तिला जागा केली. "तुला सांगतो. मल्हारला बोलू नगंस." त्यांचा आवाज बारीक झाला. "मागल्या सुतकात मी चोरून घेतली. गुळात घालून. दम लागला की बसवंना, निजवंना. तुझ्या आईनं पाळलं आन् मी मोडलं. खंडोबानं चूक माझी धरली आन् नेलं तिला."

"आबा, तसं नसतं..."

"असतंय. तू पुस्तकं वाचतीस, म्या जनम काढलाय." त्यांनी पालथ्या मुठीनं डोळे पुसले. "आता प्राण गेला तरी मोडायचा न्हाई. फिटंल तवा फिटंल."

 ज्या पापानं त्यांना वाचवलं होतं त्याचं प्रायश्चित्त ते घेत होते, आणि त्या प्रायश्चित्तानंच मरणार होते. हे सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण त्या दोन वाक्यांच्या मागं तिसरं होतं. मला माहीत होतं आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी मान हलवली, हे वाक्य. ती तोंड उघडत होती, तेवढ्यात वस्तीच्या रस्त्यावर बोलेरोचा हॉर्न वाजला. पोपटराव मयताच्या घरी न्यायचा कडू घास घेऊन आले होते. भाकरी, पिठलं, तांदळाचं पोतं.

"पाव्हणं, दोन घास खायाचं," ते आबांच्या शेजारी जमिनीवरच बसत म्हणाले. "तुम्ही असं बसला तर पोरांनी कुणाकडं बघायचं?"

आबांनी घास घेतला आणि तोंडात धरून ठेवला.

पुढचे दिवस हर्षदा आबांकडं बघत राहिली. आज ते विहिरीपर्यंत गेले, आज गोठ्यापर्यंतच. आज भाकरी अर्धी राहिली. दवाखान्यात चला म्हटलं की ते हसायचे, "दहावा व्हऊ दे." आईनंही हेच कारण दिलं होतं. दहाव्याच्या आदल्या सकाळी ते भिंत धरून न्हाणीकडं निघाले आणि मध्येच खाली बसले.

तेव्हा हर्षदानं तिला जमण्यासारखं केलं. तिनं फळीवरच्या डब्यातून पुडी काढली. आईसाठी आणलेल्यांपैकीच होती ती. गुळाचा चहा उकळला, भंडाऱ्याचा पिवळा रंग आणि वास दबावा म्हणून मूठभर आलं ठेचून घातलं, पुडी त्यात ढवळली आणि कप आबांच्या हातात दिला. कुणाला काही सांगायची गरज नव्हती. त्यांचा नेमही त्यांच्या दृष्टीनं मोडत नव्हता आणि तिची गोष्टही तिच्याजवळच राहत होती.

आबांनी दोन घोट घेतले. "आज च्याला कसला वास हाय?"

"आलं जास्त झालं. घ्या, बरं वाटेल."

"आल्याचा न्हाई." त्यांनी तिच्याकडं पाहिलं, मग कपात. तिला वाटलं, कळलं. पण ते फक्त थकले होते. त्यांनी डोळे मिटून उरलेला चहा संपवला. हर्षदा कप घेऊन उभी राहिली आणि मनातल्या मनात म्हणत राहिली, राहू दे पोटात, राहू दे. आबा वाकले. सगळा चहा गोठ्याच्या भिंतीशी पडला, पिवळसर, आल्याच्या चोथ्यासकट.

तोंडावाटे आता काहीच जाणार नव्हतं.

तिनं मल्हारला हाक मारली. तो मागच्या रानात होता. तोडणीची टोळी आज आली होती आणि ट्रॉली भरत होती. तो येईपर्यंत चुलती पुतळाबाई आणि तिच्या मागून चार बायका जमल्या.

"कुठं नेतीस गं त्याला?" पुतळाबाई म्हणाली. "उद्या दहावा. पिंड कुणी ठिवायचा?"

"मल्हार ठेवेल, काकी."

"आन् नवरा जित्ता असून घाटावर न्हाई म्हणायचं? कुशीच्या पिंडाला कावळा शिवंल का? शोकानं व्हतंय असं माणसाला. लिंबूपाणी द्या."

"माझ्या आईला पण लिंबूपाणीच दिलं होतं," हर्षदा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण पुतळाबाई बाजूला सरकली.

मल्हार आला, त्यानं बापाकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. ट्रॅक्टरला ट्रॉली जुंपलेली होती. रुग्णवाहिकेला फोन लावला तर ती शिरूरला पेशंट घेऊन गेलेली, तासभर लागेल म्हणाले. पण दहाव्याचं सामान घेऊन पोपटराव नुकतेच आले होते. त्यांनी विचारलंही नाही. "उचला," म्हणाले, आणि मागचं दार उघडलं.

आबांचं डोकं मांडीवर घेऊन हर्षदा मागं बसली. मल्हार मोटारसायकलवर पुढं गेला, वाट काढायला. पुलावर गाडी थांबली. समोर दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर होता, त्याच्यापुढं अजून एक. पोपटरावांनी हॉर्न दाबून धरला. ट्रॅक्टरवाल्यानं हात वर केला, म्हणजे, उडू का?

आबांचा हात गार पडला होता. नाडी शोधायला तिला बोटं दोनदा हलवावी लागली.

"आप्पा," ती म्हणाली. "बरणीतल्या त्या गोळ्या कसल्या आहेत?"

आरशात पोपटरावांचे डोळे दिसत होते. ते रस्त्यावरच राहिले.

"कॅल्शियम."

"बरणीवर तसं लिहिलंय?"

"लिहिल्यालं न्हाई."

"कुणी सांगितलं कॅल्शियम आहे म्हणून?"

"आणून देणारा सांगतो." ट्रॅक्टर वीतभर पुढं सरकला आणि पुन्हा थांबला. "लोक पाया पडत्यात माझ्या. खाटंवरची माणसं उठून चालली. तुझी आई चालली का न्हाई? तूच सांग."

"चालली."

"मग?"

हर्षदानं पुन्हा आबांच्या मनगटावर बोटं ठेवली. पोपटरावांनी हॉर्नवरचा हात काढला.  मग ते वेगळ्याच, जवळजवळ विनवणीच्या आवाजात म्हणाले, "पोरी, तिथं उगं काय बोलू नगंस. त्या डॉक्टरणीला आपल्यातलं काय कळायचं न्हाई. पोलिस लावतील. विश्वजीतचं काय व्हईल? तुझं काय व्हईल? पाव्हण्याला आपण पुण्याला नेऊ, पैशाकडं बघायचं न्हाई."

म्हणजे त्यांनाही कळलं होतं. कधीपासून, ते तिला विचारायचं धैर्य झालं नाही. कदाचित त्या पहिल्या दिवशी, दारात, अनवाणी. कदाचित त्यांनीही एक उत्तर घेऊन ठेवलं होतं, तिच्यासारखंच, आणि घडी मोडली नव्हती.

पुलाच्या टोकाला ट्रॅक्टर डावीकडं वळला. मल्हारनं हात केला. बोलेरो सुटली.

दवाखान्यात तीच खाट मिळाली. हर्षदानं ओळखली, कारण तिच्या उशाशी भिंतीचा पोपडा निघालेला होता. डॉक्टर प्रांजल आल्या, पट्टा बांधला, फुगवला, पुन्हा फुगवला. "लागत नाहीये नीट. दोन लाइन घ्या, सलाइन जोरात सोडा." मग त्यांनी चेहरा वर केला आणि त्यांना ही माणसं आठवली. "यांच्या मिसेस ना त्या... मागच्या आठवड्यात?"

"व्हय," पोपटराव पुढं होऊन म्हणाले. "बायको गेल्यापासनं अन्न सोडलंय, मॅडम. दुसरं काय न्हाई. औषध-गोळी कसलीच न्हाई. सुपारीचं खांड बी खात न्हाई माणूस."

डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. या वेळी त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. विचारलेलं होतंच, आठवड्यापूर्वी. पलीकडच्या खाटेवर एक तोडणी कामगार बाई खोकत होती, दारात अपघाताचा पेशंट आला होता, आणि डॉक्टर एकट्या होत्या.

"सलाइननं किती वर येतंय बघू. नाहीतर पुण्याला हलवावं लागेल. मी खाटेसाठी फोन लावते."

सगळं तसंच चाललं होतं. तीच बाटली, तेच थेंब, तोच फोन. मग लोणी. हर्षदाला पुढचा सगळा रस्ता वळणासकट दिसत होता. आणि कुणी तिच्याकडं वळून विचारणार नव्हतं. नर्स ट्रे घेऊन खोकणाऱ्या बाईकडं निघाली होती.

"ते इंजेक्शन आधी यांना द्या," हर्षदा म्हणाली.

नर्स थांबली. फोन कानाला लावलेल्या डॉक्टर वळल्या. "काय?"

"हायड्रोकॉर्टिसोन. तुमच्या ट्रेमध्ये आहे."

"हर्षदा," पोपटराव म्हणाले. दटावून नाही. हळूच, जिन्यावरून पाय घसरणाऱ्याला हाक मारावी तसं.

"आबा दोन वर्षं रोज एक पुडी घेतात," ती म्हणाली. एकदा सुरू झाल्यावर शब्द अडले नाहीत, पण तिनं ते एकेक करून ठेवले. "गावठी. त्यात स्टेरॉईड आहे. बरणीवर नाव नाही, पण खुणा सगळ्या त्याच्या आहेत. आमच्या घरी मिक्सरवर दळतात ती, मी डोळ्यांनी बघते. सुतकात चालत नाही म्हणून नऊ दिवस बंद आहे. आज तोंडावाटे दिली, ती उलटून पडली."

 डॉक्टरांनी फोन टेबलावर टाकला. "सिस्टर, शंभर मिलिग्रॅम, शिरेतून, आत्ता. आणि शुगर बघा." बाटलीचं टोपण उडालं. सुई आत गेली. मल्हार बहिणीकडं आणि पोपटरावांकडं आळीपाळीनं बघत होता, त्याला अजून काही जुळत नव्हतं. पोपटराव भिंतीला टेकले होते.

डॉक्टर आबांच्या मनगटावर बोटं ठेवून घड्याळ बघत होत्या. बघता बघताच त्यांनी मान न वळवता विचारलं, "तुमच्या आई? त्यापण?"

"हो."

"मी विचारलं होतं."

"विचारलं होतं," हर्षदा म्हणाली.

 डॉक्टरांनी पुन्हा पट्टा फुगवला, ऐकलं, पुन्हा ऐकलं. "थोडं लागतंय," त्या नर्सला म्हणाल्या. "चालू ठेवा."

आबांनी डोळे अर्धवट उघडले. छतावरच्या पंख्याकडं, मग सुईकडं, मग लेकीकडं. त्यांचे ओठ हलले. तिला वाकावं लागलं.

"मोडलं का गं सुतक?" ते विचारत होते. "कशाला मोडलंस? आता कुणाला नेईल?"

हर्षदा खाटेच्या कडेला बसली. मागं मल्हार होता, पोपटराव होते, डॉक्टर होत्या, पलीकडची बाईही खोकायची थांबली होती. कुजबुजून सांगता आलं असतं. पण तिनं आबांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आबा, देवानं नाही नेलं आईला. तुमच्यामुळंही नाही गेली. पुडी एकदम बंद झाली म्हणून गेली. त्या पुडीत काय आहे ते मला वर्षापासून वाटत होतं. याच खाटेवर आई होती, डॉक्टरांनी मला विचारलं, आणि मी नाही म्हटलं."